दूरध्वनियंत्राची स्मृती आणि कार्यालयाची स्मृती

विद्यापीठाच्या पत्रिकेत ज्या विषयांना सामान्यतः स्थान मिळते, त्यांच्या पंक्तीला टेबलावरच्या टेलिफोनच्या चार-दोन कळा आणून बसविणे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु एखादे उपकरण जेव्हा माणसाचे मानसिक कार्य आपल्याकडे घेते, तेव्हा त्याने नेमके काय घेतले आणि काय मागे ठेवले, हा प्रश्न अभ्यासाचा होतोच. कार्यालयीन दूरध्वनियंत्रात क्रमांक साठविण्याची जी सोय असते व जिला व्यवहारात ‘मेमरी’ म्हणतात, ती अशा उपकरणांपैकी एक होय. हे यंत्र क्रमांक लक्षात ठेवते, अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः ते क्रमांक लक्षात ठेवीत नाही. क्रमांक लावताना बोटांनी ज्या कृती केल्या, त्यांचा क्रम तेवढा लक्षात ठेवते. या दोहोंतील अंतर दिसते त्याहून मोठे आहे. ते स्पष्ट करण्यासाठी जालना जिल्ह्यातील जाफराबाद या तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेण्याचे योजिले असून, हेच गाव का, ते पुढे ओघाने येईल.

यंत्राकडे स्मृती येण्यापूर्वी ती कोणाकडे होती, हे आधी पाहिले पाहिजे. हाताने जोडणी करणाऱ्या जुन्या केंद्रांत ती ऑपरेटरपाशी होती. लहान गावात रिसीव्हर उचलून नुसते नाव सांगितले तरी भागत असे. क्रमांक ठाऊक असणे हे ऑपरेटरचे काम, बोलणाराचे नव्हे. परगावी बोलावयाचे झाल्यास ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट व लाइटनिंग असे त्याचे भेद असत आणि विशिष्ट व्यक्तीलाच बोलाविण्याची ‘पी. पी.’ ही एक निराळी जात होती. (शेजाऱ्याच्या घरचा क्रमांक ‘पी. पी.’ अशा पुस्तीसह आपल्या पत्त्याखाली छापण्याची पद्धत आठवणारे वाचक अद्याप असतील.) ग्राहकाने स्वतःच परगावचा क्रमांक लावावयाचा, ही एस. टी. डी.ची सोय भारतात प्रथम नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान सुरू झाली. पुढे ती जसजशी पसरत गेली, तसतसे क्रमांक लक्षात ठेवण्याचे ओझे ऑपरेटरच्या डोक्यावरून उतरून ग्राहकाच्या डोक्यावर आले.

हे ओझे हलके नव्हते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात माणसाची तात्कालिक स्मृती एका वेळी सुमारे सात घटक धरू शकते, असे दाखविले. आपल्याकडे आज परगावचा क्रमांक आरंभीच्या शून्यासह अकरा अंकांचा असतो. जालन्याला ०२४८२ व पुढे सहा अंक, छत्रपती संभाजीनगरला ०२४० व पुढे सात, मुंबईला ०२२ व पुढे आठ. संकेतांक लांब तेथे क्रमांक आखूड आणि संकेतांक आखूड तेथे क्रमांक लांब, परंतु बेरीज तीच. सातांची क्षमता असलेल्या पात्रात अकरा ओतावयाचे, म्हणजे काही सांडणारच. अंकांचे गट पाडून आपण ते थोडेफार सावरतो. तथापि दिवसाकाठी पंचवीस ठिकाणी बोलणाऱ्या लिपिकाला ते कितपत साधावे?

आता यंत्राकडे वळू. रिसीव्हर खाली असताना दूरध्वनीच्या दोन तारांवर केंद्रातील विद्युत्घटमालेचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो, पण प्रवाह जवळजवळ वाहत नाही. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, काही दशक मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, आणि त्यावरून केंद्राला कळते की ग्राहक बोलू इच्छितो. जुन्या चकतीच्या यंत्रात चकती फिरवून सोडली की ती परतताना हा प्रवाह ठराविक वेळा तोडी: आठासाठी आठ वेळा, शून्यासाठी दहा वेळा. सेकंदाला दहा स्पंद हे तिचे प्रमाण. जालन्याच्या संकेतांकाचेच २६ स्पंद होतात. पुढील सहा अंकांचे सरासरीने ३३ धरले, आणि दोन अंकांमधली विश्रांती पाऊण-एक सेकंदाची मानली, तर चकतीच्या परतीच्या प्रवासालाच चौदाएक सेकंद लागतात. बोटाने चकती फिरविण्याचा वेळ निराळाच. क्रमांक गुंतलेला निघाला की पुन्हा पहिल्यापासून. मराठीत आजही आपण ‘फोन फिरवला’ असे म्हणतो. फिरविण्याजोगे काही यंत्रात उरले नाही, पण त्या श्रमाची खूण भाषेने जपली आहे.

कळांच्या यंत्रात प्रवाह तोडण्याऐवजी स्वर पाठविले जातात. प्रत्येक कळ दाबली असता दोन स्वर एकाच वेळी निघतात, एक तिच्या आडव्या ओळीचा व दुसरा उभ्या ओळीचा. पाचाची कळ दाबली तर ७७० व १३३६ हर्ट्झ, शून्याची दाबली तर ९४१ व १३३६ हर्ट्झ. माणसाच्या बोलण्यात नेमके असे जोडस्वर सहसा येत नाहीत, म्हणून केंद्राचा घोटाळा होत नाही. ही पद्धती अमेरिकेत १९६३ साली सार्वजनिक उपयोगात आली. यंत्राने स्वतः स्वर पाठवावयाचे म्हटले तर अकरा अंकांना दोन-सव्वादोन सेकंद पुरतात.

अंक साठविण्याची युक्ती मात्र कळांहून स्वतंत्र आहे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात छिद्रे पाडलेले प्लॅस्टिकचे पत्ते फटीत सरकवून क्रमांक लावणारी यंत्रे निघाली होती. तेथे स्मृती ही अक्षरशः हातात धरता येण्याजोगी वस्तू होती. आजच्या यंत्रात तिची जागा नखाएवढ्या तुकड्याने घेतली आहे. एका अंकाला चार बिट लागतात. सोळा अंकांपर्यंतचा क्रमांक म्हणजे ६४ बिट, व असे दहा क्रमांक म्हणजे ६४०. संगणकावर देवनागरीची एक खूण साठविण्याच्या रूढ पद्धतीत २४ बिट लागतात, हे लक्षात घेतले तर दहा क्रमांकांची सारी स्मृती सव्वीस-सत्तावीस खुणांच्या, म्हणजे छापील अर्ध्या ओळीच्या पलीकडे जात नाही. ती टिकवून धरण्यास काही मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह पुरतो. अनेक यंत्रे तो दूरध्वनीच्या तारेतूनच, केंद्राच्या लक्षात न येईल इतक्या बेताने, ओढून घेतात. काहींच्या पोटात त्यासाठी लहान सेल असतात. अलीकडच्या काही यंत्रांतील स्मृतीला प्रवाहाची गरजच नसते. आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे. पहिल्या जातीच्या यंत्राची तार सफाईसाठी काढून ठेवली, किंवा रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून लाइन दोन दिवस मृत राहिली, तर साठविलेले सर्व क्रमांक बिनबोभाट पुसले जातात. यंत्र तशी वर्दी देत नाही. सेलच्या जातीत सेल संपल्यावर तेच घडते, फक्त अधिक सावकाश.

चार बिटांनी सोळा खुणा होतात आणि अंक तर दहाच. उरलेल्या खुणांत तारका व चौकट या कळा तर येतातच, शिवाय ‘पॉज’ म्हणजे विराम हीदेखील एक खूण म्हणून साठविता येते. ज्या कार्यालयात अंतर्गत केंद्र असते, तेथे बाहेरची लाइन मिळविण्यास आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो व सूर येईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. माणूस ते थांबणे नकळत करतो. यंत्राला ते शिकवावे लागते. म्हणून अशा यंत्रात जालन्याचा क्रमांक साठविताना शून्य, विराम, मग ०२४८२ व पुढील अंक, असा क्रम भरावयाचा. यात पहिल्या शून्याचा व दुसऱ्या शून्याचा अर्थ सर्वस्वी भिन्न आहे: पहिला कार्यालयाच्या भिंतीबाहेर नेतो, दुसरा तालुक्याच्या सीमेबाहेर. विराम हा तर कोणत्याच क्रमांकाचा भाग नव्हे. यंत्राला यांतले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी त्या एकामागून एक दाबलेल्या तेरा कळा आहेत, एवढेच.

साठविण्याची रीत निरनिराळ्या बनावटींत थोडी निराळी असते, तरी सामान्य क्रम असा: रिसीव्हर उचलावा, ‘स्टोअर’ची कळ दाबावी, क्रमांक भरावा, पुन्हा ‘स्टोअर’ किंवा ‘मेमरी’ दाबावी, आणि शेवटी ज्या घरात तो ठेवावयाचा त्याची कळ दाबावी. काही घरांना स्वतंत्र कळ असते व ती एकदाच दाबली की पुरे; इतरांसाठी आधी ‘मेमरी’ व मग एक अंक, अशी दोनदा दाबावी लागते. साठविल्यानंतर लगेच एकदा त्या कळेने फोन लावून खात्री करून घ्यावी. ही खात्री बहुतेक जण करीत नाहीत, आणि चुकलेला क्रमांक नेमका गरजेच्या वेळी उघडकीस येतो.

आता जाफराबादचे प्रयोजन. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून पुढे गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात हा तालुका वसला आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तोपर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यात होता. आणि त्याची एक सीमा बुलढाणा जिल्ह्याला, म्हणजे विदर्भाला, भिडते. दूरध्वनीच्या नकाशात ही सीमा विशेष ठळक आहे. मराठवाड्यातील संकेतांक ०२ ने आरंभ होतात, विदर्भातील ०७ ने. जाफराबादच्या अडत्याला किंवा कार्यालयाला जालना ०२४८२ आहे, तर चिखली ०७२६४ व बुलढाणा ०७२६२. बाजार, सोयरिक व दवाखाने यांच्या दृष्टीने एकाच टापूतली ही गावे क्रमांकांच्या दृष्टीने दोन मुलखांत आहेत. यंत्रात साठविलेली प्रत्येक रांग म्हणजे जाफराबादहून त्या गावी जाण्याची वाट होय, त्या गावाचे नाव नव्हे. तेच यंत्र उचलून जालन्याच्या कार्यालयात नेऊन ठेवले, तर गावातल्या गावात सहाच अंक लावणाऱ्या तेथील माणसाला त्या साठविलेल्या अकरा अंकांतील पहिले पाच अनावश्यक वाटतील. आणि ज्या क्रमांकांना जाफराबादेत संकेतांक लागत नव्हता, ते तर तेथे भलत्याच घरी वाजतील.

वाट जागेवर अवलंबून असते, तशीच ती काळावरही असते. मध्यंतरी काही वर्षे राज्यांतर्गत परगावच्या क्रमांकांना आरंभीच्या शून्याऐवजी ९५ हे अंक लावण्याची पद्धत होती, व तसा फोन स्वस्त पडे. पुढे ती बंद झाली. २००२ मध्ये मुंबईचे सात अंकी क्रमांक आरंभी २ लागून आठ अंकी झाले. सर्वांत अलीकडचा व सर्वांत शिकविणारा बदल १५ जानेवारी २०२१ चा. त्या दिवसापासून स्थिर दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबणे अनिवार्य झाले. त्याचे कारण क्रमांकांची टंचाई. आरंभीच्या शून्यावरून हा मोबाइल आहे असे केंद्राला कळू लागले, की स्थिर दूरध्वनींसाठी राखून ठेवलेले आरंभीचे अंक मोबाइललाही देता येतात. या एका शून्याने सुमारे २५४.४ कोटी नवे क्रमांक उपलब्ध होतील, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला.

टंचाईचा प्रश्न सुटला. मात्र कार्यालयांतील यंत्रांत शून्याविना साठविलेला प्रत्येक मोबाइल क्रमांक त्या दिवशी निरुपयोगी झाला. एकाही अधिकाऱ्याचा क्रमांक बदलला नव्हता. बदलली होती ती वाट. कळ दाबली की केंद्रातून ‘आधी शून्य लावा’ अशी सूचना ऐकू येई, आणि सूचना ऐकणारा माणूस त्या वेळेपुरते हाताने अकरा अंक लावून काम भागवी. यंत्रातील रांग दुरुस्त करण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याही कामवाटपात लिहिलेले नव्हते. याच्या नेमके उलट उदाहरण २०२३ चे. औरंगाबादचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. यंत्राखालच्या चिठ्ठीवरील अक्षरे जुनी ठरली, ०२४० मात्र जसेच्या तसे राहिले. एकदा नाव टिकून वाट मोडली, एकदा वाट टिकून नाव बदलले. यंत्राला दोन्ही प्रसंगांचा पत्ता नाही.

चिठ्ठीचा उल्लेख आला, तेव्हा तिच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. एका तालुक्याच्या गावी, कोणत्या कार्यालयात ते सांगण्याचे कारण नाही, एक यंत्र पाहण्यात आले. त्याच्या तीन कळांशेजारी पारदर्शक पट्टीखाली शाईने लिहिले होते: ‘जिल्हा’, ‘दवाखाना’, ‘साहेब’. पावसाळ्यातील एका रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने तिसरी कळ दाबली. फोन एका निवृत्त गृहस्थांच्या घरी गेला. ते कित्येक वर्षांपूर्वी त्या कार्यालयात होते. त्यांच्यानंतर तीन साहेब येऊन गेले होते, पण कळ पहिल्यांशीच एकनिष्ठ राहिली होती. त्या गृहस्थांनी झोपमोडीबद्दल राग न धरता आपल्या जुन्या डायरीतून दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा क्रमांक शोधून दिला आणि काम झाले. म्हणजे अखेर उपयोगी पडली ती कागदाची डायरी व तिच्या मालकाची आठवण. शिपायाचा येथे काहीच दोष नव्हता. ‘साहेब’ हा शब्द पद सांगतो, कळ व्यक्तीचा क्रमांक जपते, आणि बदलीच्या दिवशी ही दोन एकमेकांपासून सुटतात.

म्हणून कळेच्या चिठ्ठीबरोबर एक साधी वही असावी. तीत प्रत्येक घरापुढे पद, ठिकाण, संपूर्ण अंक, साठविल्याची तारीख व साठविणाराची सही असावी. रांग कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत यावी. किल्ल्या मोजून देतात, शिक्के मोजून देतात, मग कळाच का वगळाव्यात? लाइन बंद पडून स्मृती पुसली गेली, तरी त्या वहीवरून ती अर्ध्या तासात पुन्हा भरता येते. वहीशिवाय ती कशावरून भरावयाची?

क्रमांक वहीत किंवा यंत्रात उतरविताना होणाऱ्या चुकांचे एक कारण खास आपल्या भाषेतले आहे. मराठीत दोन अंकी संख्येचा एकम आधी उच्चारला जातो व दशक मागून. ‘ब्याऐंशी’ ऐकताना कानावर आधी दोन येतो, पण लिहावयाचा आधी आठ. सावकाश लिहिणारा हे सहज उलटतो. परंतु सांगणारा घाईत ‘चोवीस ब्याऐंशी’ म्हणत असता ऐकणाऱ्याचे बोट कळांवर असेल, तर पहिला ऐकलेला अंक पहिला दाबला जाण्याचा धोका असतो. ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांची गल्लत तर नेहमीची. कारण त्यांत कानाला स्पष्ट येणारा ‘एकोण’ दोहोंत समान आहे, आणि दोन्ही शब्दांत उच्चारलेले दशक लिहावयाच्या दशकाहून एकाने अधिक आहे. यावर उपाय एकच: दूरध्वनीवर क्रमांक देताना प्रत्येक अंक सुटा सांगावा, व घेणाराने तो सुटाच परत म्हणून दाखवावा. मौखिक परंपरेत पाठ शुद्ध ठेवण्यासाठी पदे सुटी करून म्हणण्याची रीत आपल्याकडे होतीच.

‘रीडायल’ ही कळ स्मृतीचीच धाकटी बहीण होय. शेवटी लावलेले अंक ती आपोआप धरून ठेवते व पुढचा फोन लावताच विसरते. क्रमांक गुंतलेला असता ती फार सोयीची. परंतु आपण सांगितल्याशिवाय ती साठविते, हे विसरू नये. बँकेच्या किंवा अन्य सेवेच्या दूरध्वनीवर एखाद्याने गुप्त अंक दाबले असतील, तर काही यंत्रांत ते अंकही त्या रांगेला चिकटून राहतात आणि मागून येणाऱ्या कोणालाही एका कळेने परत पाठविता येतात. असा फोन संपल्यावर दुसरा कोणताही साधा क्रमांक एकदा लावून ठेवणे बरे.

संकटकाळचे क्रमांक स्मृतीत ठेवावेत काय, यावर मतभेद संभवतो. ११२ हा सर्वसाधारण मदतीचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे तीन-चार अंकांचे क्रमांक मिलरच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असल्यामुळे माणसाच्याच स्मृतीत असावेत, असे आमचे मत आहे. त्यांना कळ दिली तर लहान मुलाच्या किंवा फाइलीच्या धक्क्याने ती दाबली जाण्याचा संभव असतो. शिवाय ज्याला कळच ठाऊक आहे, तो दुसऱ्या यंत्रापुढे उभा राहिला की अडतो. एका स्पर्शाची कळ अकरा अंकांच्या रुग्णालयासाठी राखावी, तीन अंकांच्या ११२ साठी नव्हे.

स्मृती यंत्रातच असली पाहिजे असेही नाही. ती केंद्रात ठेवता येते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील सकसुना येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक केंद्राने ग्राहकांना थोड्या अंकांत क्रमांक लावण्याची सोय दिली होती. आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक केंद्रांतही अशी संक्षिप्त क्रमांकांची सोय, तसेच रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच न दाबल्यास ठरलेल्या ठिकाणी आपोआप फोन लावणारी ‘हॉटलाइन’ उपलब्ध झाली. या प्रकारात लाइन तुटली वा यंत्र बदलले तरी स्मृती शाबूत राहते. परंतु तीत काय भरले आहे, हे कोणत्याही चिठ्ठीवर दिसत नसल्यामुळे वहीची गरज येथे उलट वाढते.

तांब्याच्या तारेच्या जागी काचतंतू येऊ लागल्यापासून आणखी एक बारीक फरक पडला आहे. यंत्राला मिळणारा दाब आता दूरच्या केंद्रातून येत नाही, तर भिंतीवर बसविलेल्या पेटीतून येतो, आणि ती पेटी कार्यालयाच्या विजेवर चालते. वीज गेली व पेटीला बॅटरीचा आधार नसला, तर फोनही गेला. आणि तारेवर जगणाऱ्या जातीची स्मृती असेल तर काही वेळाने तीही. जुन्या यंत्रांच्या बुडाशी ‘पल्स’ व ‘टोन’ असा एक खटका असतो, तोही अशा वेळी पाहून घ्यावा. कित्येक नव्या पेट्यांना स्पंदांची भाषा समजत नाही. खटका ‘पल्स’वर राहिला असेल, तर साठविलेली रांग अगदी बिनचूक असूनही कळ दाबल्यावर कानात नुसता डायल-टोनच ऐकू येत राहतो, आणि दोष स्मृतीला दिला जातो.